डॉक्टरांना सांगू की लपवू?

नमस्कार सिस्टर,

मी कळव्याला राहते. धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. चार वर्षं तो पन्नीवर ब्राउन शुगर ओढायचा. दोन वर्षांपूर्वी स्वतःहून उपचाराला तयार झाला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली, रोज जिभेखाली ठेवायची. चौदा महिने तो एकदाही घसरला नाही. डिलिव्हरीचं काम धरलं, आईच्या हातात पगार देऊ लागला. मग गेल्या जुलैमध्ये घोडबंदर रोडला पावसात बाइक घसरली आणि नडगीचं हाड मोडलं.

ज्या रुग्णालयात नेलं तिथे मी गोळीबद्दल खरं ते सांगितलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. केसपेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी लाल शाईने 'गर्दुल्ला' लिहिलं. 'इथे हे चालणार नाही' म्हणून गोळी काढून घेतली. ऑपरेशन करून रॉड टाकला, पण दुखतंय म्हटलं की 'नशेचं इंजेक्शन मागतोय' असं ऐकवायचे. वॉर्डबॉयने शेजारच्या खाटेवाल्यांना सांगितलं, मोबाइल सांभाळा. तिसऱ्या दिवशी तो सही करून, मित्राच्या खांद्यावर हात टाकून निघून आला. त्याच रात्री त्याने परत ओढली.

नंतर गोळी पुन्हा सुरू झाली, आता आठ महिने नीट आहे. पण हाड जुळलेलं नाही. पाडव्यानंतर दुसरं ऑपरेशन सांगितलंय, वेगळ्या रुग्णालयात. तो म्हणतो पाय वाकडा राहू दे, पण तसल्या वॉर्डात परत जाणार नाही. आई म्हणते, या वेळी काही बोलायचंच नाही. मलाही आता तेच पटायला लागलंय. सांगू की लपवू?

एक बहीण, कळवा

*

अगं, उत्तर आधी देऊन टाकते. लपवू नका. पण मागच्या वेळी ज्या पद्धतीने सांगितलंत, तसंही सांगू नका.

आता बस जरा. पस्तीस वर्षं नर्सिंग केलं मी, त्यातली निम्मी सर्जिकल वॉर्डात गेली. तुझ्या पत्रातली लाल शाई वाचून मला धक्का बसला नाही, आणि तो बसला नाही याचंच वाईट वाटलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुरुषांचा वॉर्ड, माझी रात्रपाळी. दंडावर मोठं गळू घेऊन एक पोरगा आला होता, सुया टोचून टोचून झालेलं. गळू कापून, ड्रेसिंग करून त्याला संडासाजवळची खाट दिली. ती खाट 'असल्यां'साठीच असायची. तसा नियम कुणी केला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. मध्यरात्रीनंतर त्याला जांभया सुरू झाल्या, जबडा निखळेल अशा, एकामागून एक. नाक गळतंय, डोळ्यांतून पाणी, दोन्ही पाय गादीवर घासतोय. मी टॉर्च मारून म्हणाले, "नाटकं बंद कर, बाकीचे झोपलेत." पहाटे चारला त्याने सलाइन उपसली आणि गेला. मी रजिस्टरात 'पळून गेला' असं लिहिलं. खरं सांगते, खाट रिकामी झाली म्हणून मला बरंच वाटलं होतं.

काही वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी अफूच्या जातीचं औषध, म्हणजे ओपिऑइड, अचानक बंद झालं की काय होतं, त्याची यादी फळ्यावर लिहिली. जांभया, डोळ्यांना पाणी, मोठ्या झालेल्या बाहुल्या, जुलाब, पायात गोळे. आणि अंगावर काटा. मला टॉर्चच्या उजेडातला तो हात दिसला, केस न् केस उभा राहिलेला. काटा काही नाटक करून आणता येत नाही गं. त्या पोराचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

हे सगळं सांगतेय कारण तुझा भाऊ तिसऱ्याच दिवशी का उठून गेला, ते मला पत्र वाचतानाच कळलं. ब्राउन शुगर आणि ही गोळी, दोन्ही अफूच्याच जातीची. ब्राउन शुगर बंद केली तर त्रास आठ-दहा तासांत, फार तर एका दिवसात सुरू होतो. ओढणारे त्याला 'टर्की' म्हणतात. ब्युप्रेनॉर्फिन शरीरात जास्त रेंगाळतं, म्हणून त्याची टर्की उशिरा येते, बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणजे पहिले दोन दिवस तुमचा पोरगा वॉर्डाला ठीकठाक दिसला असणार. 'बघा, गोळी बंद केली तरी काही झालं नाही,' असंही कुणी म्हणालं असेल. आणि तिसऱ्या दिवशी ताज्या शस्त्रक्रियेचं दुखणं आणि टर्की, दोन्ही एकदम अंगावर आलं. तुम्हाला वाटलं त्याचा धीर सुटला, वॉर्डाला वाटलं गर्दुल्ला शेवटी जातीवर गेला. खरं कारण एवढंच होतं की रोजचं औषध तोडलं होतं.

दुखण्याचंही तसंच. ही गोळी मेंदूतल्या ज्या जागांवर जाऊन बसते, त्याच जागांवर ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं काम करतात. जागा आधीच अडलेल्या, म्हणून नेहमीचा डोस त्याला पुरत नाही. शिवाय वर्षानुवर्षं अफूच्या जातीचं काही घेतलेल्या माणसाला दुखणं इतरांपेक्षा जास्त जाणवतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तो जास्त मागत होता कारण त्याला जास्त दुखत होतं.

म्हणूनच लपवायचं नाही. तुम्ही गप्प राहिलात तर भूल देणारे डॉक्टर त्याला चारचौघांसारखा समजून औषधं देतील. काही औषधं लागू पडणार नाहीत. झोपेची काही औषधं या गोळीसोबत पोटात गेली तर श्वास मंदावू शकतो, आणि कशामुळे मंदावतोय ते समोरच्याला कळणारच नाही. पेंटाझोसिन नावाचं दुखण्याचं इंजेक्शन आपल्याकडे सर्रास देतात, पण ज्याच्या शरीराला अफूच्या जातीच्या औषधाची सवय आहे त्याला त्यानेच टर्की येऊ शकते. आणि गोळी वॉर्डात द्यायची तर ती केसपेपरवर लिहिलेली हवी. नाहीतर तो एक तर बाथरूममध्ये जाऊन चोरून घेणार, नाहीतर घेणारच नाही, आणि तिसरा दिवस पुन्हा उगवणार.

त्या रात्री त्याने ओढली आणि तरी आज तो तुमच्यात आहे, हे नशीब समज. गोळी तीन दिवस बंद होती, आणि चौदा महिने ब्राउन शुगर न घेतलेल्या शरीराला जुना डोस झेपत नाही. श्वास थांबून माणसं जातात ती बहुधा अशाच वेळी: उपचार सुटल्यावर, तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर, पहिल्या काही दिवसांत. हे त्याला दम देण्यासाठी वापरू नकोस. पण तुला आणि आईला माहीत असू दे.

आता कसं सांगायचं.

मागच्या वेळी तू अपघात विभागात, गर्दीत, रक्ताने माखलेल्या भावाशेजारी उभी राहून बोललीस. तिथे पर्यायच नव्हता. या वेळी ऑपरेशन ठरवून आहे आणि हातात वेळ आहे, तो वापर. आधी भावाला घेऊन त्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा आणि लेटरहेडवर पत्र माग. पत्रात निदान, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, केव्हापासून चालू आहे हे असावं. ऑपरेशनच्या आधी, दिवशी आणि नंतर गोळी चालूच ठेवावी असं त्यांचं मत असेल तर तेही स्पष्ट लिहायला सांग, आणि खाली त्यांचा नंबर. पूर्वी ऑपरेशनच्या आधी ही गोळी बंद करायची पद्धत होती. आता बहुतेक ठिकाणी ती चालू ठेवूनच शस्त्रक्रिया करण्याकडे कल आहे. पण हा निर्णय तुझा नाही आणि माझाही नाही. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून तो घ्यायचा, आणि ते बोलणं ऑपरेशनच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी व्हायला हवं.

दुसरी भेट भूलतज्ज्ञांची. ऑपरेशनच्या आधी 'फिटनेस'साठी बोलावतात ना, तिथे बहुतेक जण ईसीजीचा कागद पुढे सरकवतात आणि बीपी मोजून परत येतात. तुम्ही तिथेच बोलायचं. कमरेतून भूल देता येईल का, पायाची नस बधिर करून नंतरचं दुखणं कमी ठेवता येईल का, पॅरासिटामॉलसारखी औषधं ठरावीक वेळेला लावून देता येतील का, हे विचारा. दुखायला लागल्यावर याचना करण्यापेक्षा आधीच ठरलेलं बरं. माझा अनुभव सांगते, भूलतज्ज्ञ या बाबतीत बाकीच्यांपेक्षा शांत असतात. त्यांच्यासाठी हा चारित्र्याचा नाही, डोसचा प्रश्न असतो.

आणि बोलायचं त्याने. तू नाही, आईही नाही. तुझ्या अख्ख्या पत्रात भाऊ एकदाच बोललाय, तेही 'जाणार नाही' म्हणायला. मला खात्री आहे, वॉर्डातही डॉक्टर तुझ्याकडे बघून त्याच्याबद्दल विचारत होते. घरी दोन-चारदा म्हणून बघू दे: "डॉक्टर, मला ओपिऑइडचा आजार आहे. मी उपचार घेतोय, रोज इतक्या मिलिग्रॅमची ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली घेतो. हे माझ्या डॉक्टरांचं पत्र." एवढंच. माफी नाही, 'आता सोडलंय हो' नाही, आईची शपथ नाही. मान खाली घालून सांगितलं की समोरचा आपोआप न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो.

एक बारीक गोष्ट, जी मी सोडून तुला कुणी सांगणार नाही. वॉर्डात सकाळी सहाला औषधांची ट्रॉली फिरते. प्रत्येकाच्या गोळ्या वाटीत, सोबत पाणी. नवीन सिस्टर असेल तर हीही गोळी पाण्यासोबत गिळायला लावेल. गिळली की ती जवळजवळ वाया गेली. जिभेखाली ठेवून पूर्ण विरघळू द्यायची, पाचेक मिनिटं, कधी दहाही लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. चार्टवर गोळीच्या पुढे 'सब्लिंग्वल' लिहून घे आणि तो 'तोंडात काय लपवतोय' म्हणून कुणी ओरडलं तर चार्टवर बोट ठेव.

'एक नशा सोडली आणि दुसरी धरली' हे वाक्य तुम्हाला तिथे परत ऐकू येणार, कदाचित एखाद्या शिकलेल्या डॉक्टरकडूनही. सगळे अशा वेळी डायबेटिसचं उदाहरण देतात, इन्शुलिन घेणाऱ्याला कुणी नशेडी म्हणतं का वगैरे. मला ते उदाहरण अर्धंच पटतं. साखर वाढली म्हणून कुणी आईची पाटली विकत नाही. घर पोळलेलं असतं, आणि ते नाकारून चालत नाही. पण गोळीचं म्हणशील तर हिशेब सरळ आहे. तिचा परिणाम एका मर्यादेपर्यंत चढतो आणि तिथेच थांबतो. दिवसातून एकदा घेतली की तलफ आणि टर्की दोन्ही आवरतात, माणूस कामावर जातो. तुमच्या गोळीत नॅलॉक्सोन, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम तोडणारं औषध, मिसळलेलं असेल तर ती विरघळवून टोचणाऱ्याला उलट टर्कीच येते. या उपचारावर टिकून राहणाऱ्यांचे मृत्यू न घेणाऱ्यांच्या निम्म्यावर येतात किंवा त्याहूनही कमी होतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय. आपल्याच सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमात टोचून घेणाऱ्यांना हीच गोळी देतात. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. ओपिऑइडच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक त्यात सुमारे ७७ लाख निघाले. ते सगळे काही पुलाखाली झोपत नाहीत.

वॉर्डाची बाजूही मांडते, नाहीतर आमच्या पोरी माझ्यावर चिडतील. चाळीस पेशंटना रात्री दोन सिस्टर असतात. ट्रॉलीवरून इंजेक्शनं गेलेली मी पाहिलीत, अंगावर धावून आलेला पेशंटही पाहिलाय. भीती खोटी नसते. पण एकदा डायझेपामच्या, म्हणजे गुंगीच्या इंजेक्शनच्या, अँप्यूल गायब झाल्या तेव्हा आम्ही दोन दिवस एका व्यसनी पेशंटची गादी उलटीपालटी करत होतो, आणि त्या निघाल्या स्टाफमधल्याच एकाच्या लॉकरमधून. त्या पेशंटची माफी कुणीही मागितली नाही. मीसुद्धा नाही.

आणि हो, हाड जुळत नाहीये ना? त्याला सिगारेट-बिडी आहे का, हे कुणी विचारलं? धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, हे ऑर्थोपेडिकच्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं. व्यसनी म्हणून त्याला तीन दिवस टोमणे मारले आणि पायाशी थेट संबंध असलेलं व्यसन तसंच सोडून दिलं. टोमणे मारणाऱ्या वॉर्डबॉयच्या गालात काय होतं, ते मी विचारत नाही.

'गर्दुल्ला' शब्दाबद्दल. आपल्याकडे पेपरच्या मथळ्यातही तो बिनदिक्कत येतो, 'स्टेशन परिसरात गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट', ढेकणांबद्दल बोलावं तसा. शब्दाने एवढं काय होतं, असं मलाही वाटायचं. अमेरिकेत २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसोपचार क्षेत्रातल्या पाचशेहून जास्त जणांना एकाच पेशंटची हकिकत वाचायला दिली होती. काहींच्या कागदावर तो 'नशाबाज' होता, बाकीच्यांच्या कागदावर 'नशेच्या पदार्थाचा आजार असलेला'. बाकी मजकूर तोच. पहिला शब्द वाचलेल्यांचा कल त्याला दोषी धरण्याकडे आणि शिक्षा करण्याकडे जास्त होता. शिकलेल्या, रोज हेच काम करणाऱ्या माणसांचं हे, तर रात्रपाळीला केसपेपर उघडून लाल शाईच आधी पाहणाऱ्या सिस्टरचं काय! आपण ठाणेकर, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. १९०१ पासून मनोरुग्णालय आपल्या गावात आहे म्हणून 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद आपण सव्वाशे वर्षं ऐकतोय.

कायद्याचं थोडक्यात, भांडायला नाही, पाठ ताठ ठेवायला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही आजारातच धरल्या आहेत. अशा माणसाला कुठल्याही आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या पेशंटइतकीच समान वागणूक मिळायला हवी, हे कलम २१. त्याची माहिती गुप्त राहायला हवी, हे कलम २३. उपचार करणाऱ्यांना ती कळणं वेगळं आणि शेजारच्या खाटेला कळणं वेगळं. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भरती करताना ती कुठे लावलीय ते बघून ठेव. पुन्हा कुणी कोपऱ्यात काही लिहिलं तर आरडाओरडा न करता वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने साध्या कागदावर तक्रार दे आणि पोच घे. मागच्या रुग्णालयाबद्दलही देता येईल, पण आधी भावाला विचार. त्याला ते सगळं परत उकरायचं नसेल तर नको.

आईला पोलिसांची धास्ती असेल, म्हणून हेही सांगते. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, चिठ्ठी जवळ असताना बाळगणं हा गुन्हा नाही. मूळ चिठ्ठी खिशात, फोटो मोबाइलमध्ये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातसुद्धा कलम ६४-क आहे. नुसतं सेवन किंवा अगदी थोडी मात्रा यासाठी पकडलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पुरे केले नाहीत तर मात्र ते काढून घेता येतं.

मधल्या काळात तो डगमगला, किंवा तुम्हालाच रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. दोन्ही फुकट. आणि समजा परत एकदा ओढली गेलीच, तर गोळी लगेच तोंडात टाकायची नाही, तिनेच टर्की येऊ शकते. आधी डॉक्टरांना फोन, मग ते सांगतील तेव्हा गोळी.

एक घरचं विचारते, रागावू नकोस. तू पर्स कुठे ठेवतेस? कपाटाला कुलूप अजून आहे? चार वर्षं जे सोसलंत त्यानंतर कुलूप असणारच, मी नावं ठेवत नाही. पण तो पगार आईच्या हातात देतो असं तूच लिहिलंयस. ऑपरेशनचे पैसे भरायला बिलाच्या खिडकीवर त्याला एकट्याला पाठवून बघ, रोख घेऊन. तुझ्या पोटात गोळा येईल. येऊ दे.

रात्री पुरुष वॉर्डात सोबतीला पुरुषच लागतो. मागच्या वेळी ज्या मित्राच्या खांद्यावरून तो बाहेर आला, त्यालाच विचार, पण आधी डॉक्टरांचं पत्र वाचायला देऊन, म्हणजे सकाळी सहाच्या ट्रॉलीला तिथे जागं कुणीतरी असेल. फिटनेसची तारीख कळली की मला कळव. आणि ते पत्र तू लिहू नकोस, त्याला लिहायला सांग.